चौदा नंबरच्या फाटकावरची लेओनी

लेओनी प्रिजां आयुष्यात पहिल्यांदा आगगाडीत बसली ती वयाच्या शहात्तराव्या वर्षी, पायांत लोकरी सपाता आणि हातात कॉफीचा वाडगा घेऊन. कुठं जायचं होतं म्हणून नव्हे. गाडी थांबली आणि नाही म्हणायची तिला लाज वाटली, म्हणून.

हे मी स्वतः पाहिलंय. माझे डोळे अधू आहेत हे मान्य. कडेचं दिसत नाही म्हणून डॉक्टरांनी मोटार चालवायची बंदी केलीय. पण समोरचं मला लख्ख दिसतं, आणि ओहोटीच्या वेळी खाडीत उभं राहून कालवांच्या पिशव्या उलटत असले की रूळ बरोबर माझ्या समोर असतो. लेओनीचं घर रुळाला लागून, माझं तिच्या मागं, मध्ये फ्लॉवरचं एक वावर. चाळीस वर्षं मी तिची शेजारीण आहे. लग्न मी केलं नाही, एका खाडीशी संसार पुरे झाला. त्यामुळं तोंड वाजवायला घरात कुणी नाही, आणि ते सगळं लेओनीच्या वाट्याला येतं.

आमचा किनारा म्हणजे पसरलेला पंजा. प्रत्येक बोट जमिनीचं, दोन बोटांच्या मध्ये खाडी, आणि खाडीत दिवसातून दोनदा समुद्र येऊन जातो. समोरच्या काठावर कुणी कुत्र्याला हाक मारली तर आमच्याकडे ऐकू येते, पण तिथं जायचं तर रस्त्यानं आधी पार मनगटापर्यंत, म्हणजे कास्तेल-ब्रानपर्यंत, उलटं जायचं आणि मग दुसऱ्या बोटावर उतरायचं. अठ्ठावीस किलोमीटर होतात. आगगाडी मात्र उंच दगडी पुलावरून सहा मिनिटांत पलीकडे. पॅरिसची मोठी गाडी कास्तेल-ब्रानला घटकाभर थांबते आणि ब्रेस्तकडे निघून जाते. आमच्यासाठी तिथून एका डब्याची छोटी गाडी सुटते, ती खाडीच्या कडेकडेनं, पुलावरून, थेट पोर-मेलेन बंदरापर्यंत. दिवसातून चारदा जाते, चारदा येते. मधल्या थांब्यांवर ती आपणहून थांबत नाही, हात करावा लागतो. आमचा थांबा लेओनीच्या दाराशीच.

लेओनीचं लग्न झालं ते रुळांवर काम करणाऱ्या इव्होंशी. तेव्हा रिवाजच होता, नवरा रुळावर, बायको फाटकावर, आणि घर रेल्वेचं. दारावर निळी पाटी, तिच्यावर पांढऱ्या अक्षरात चौदा. गाडीची खबर आली की लेओनी धावत जाऊन चक्र फिरवणार, फाटक खाली आणणार, झेंडी गुंडाळून हातात धरून ताठ उभी राहणार. गाडी गेली की फाटक वर. असं अठ्ठावीस वर्षं. तिचा मुलगा रोनान जन्मला तोसुद्धा साडेदहाच्या आणि सव्वाबाराच्या गाडीच्या मध्ये. तो अजून सांगतो, आईनं मला वेळापत्रक बघून जन्माला घातलं.

इतक्या गाड्या दारावरून गेल्या, पण बाई कधी गाडीत बसली नाही. लग्नाबारशाला जायचं झालं तर दोन गाड्यांच्या मध्ये, इव्होंच्या मोपेडवर मागं बसून. मी विचारायची, "अगं, दारात गाडी असून मोपेडवर हाडं कशाला खिळखिळी करतेस?"

"मी गाडीत बसले तर फाटक कोण लावणार?"



बरं, फाटकाची ही नोकरी एकटीची होती असंही नाही. पुलापलीकडे सतरा नंबरचं फाटक. पंधरा आणि सोळा शेतातली, तिथं माणूसच नव्हता. बंदराकडे जाणाऱ्या गाडीची खबर चौदानं सतराला द्यायची, बंदराकडून येणाऱ्या गाडीची सतरानं चौदाला. भिंतीवर काळा फोन होता. वाक्यं ठरलेली. "सतरा, चौदा बोलतेय. गाडी निघाली." पलीकडून, "ऐकलं, चौदा. फाटक लावते." एवढंच बोलायचं, असा नियम. पण गाडी पुलावर असेपर्यंत सहा मिनिटं असायची, आणि दोन बायका सहा मिनिटं गप्प बसतील तर त्या बायका कसल्या? रोनानचा गोवर, सतराच्या सासूचे नखरे, गालेतच्या, म्हणजे आमच्या घावनांच्या, पिठात मीठ किती घालायचं, सगळं त्या सहा मिनिटांत. दिवसातून आठ वेळा. मला माझ्या स्वयंपाकघरात लेओनीचं बोलणं ऐकू यायचं, इतका तिचा फोनवरचा आवाज खणखणीत.

आणि इतकं असून दोघींनी एकमेकींचं तोंड पाहिलं नव्हतं. कसं पाहणार? एक निघाली तर दुसरीला खबर कोण देणार? नावानं हाकसुद्धा मारली नाही कधी. लेओनीच्या मते सतरा चांगली जाडजूड असणार, कारण आवाज भरदार.

मग आपोआप लागणारं फाटक आलं. घंटा वाजते, लाल दिवा लुकलुकतो, दांडा खाली येतो, बाईची गरज नाही. शेवटच्या दिवशी शेवटच्या गाडीची खबर लेओनीनं दिली. पलीकडून "ऐकलं, चौदा" आलं, आणि फाटक लावते म्हणायच्या ऐवजी सतरानं विचारलं, "मग?" लेओनीनं फोन ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी माणसं येऊन फोन काढून घेऊन गेली, भिंतीवर चार भोकं राहिली. सतरा मुलीकडे लोरियांला राहायला जाणार असं आधीच ठरलेलं होतं, त्यामुळं ती गेली असणार हे लेओनीनं धरूनच टाकलं. मी कैकदा विचारलं, "फोन का गं ठेवलास?" ती म्हणायची, "झाली गोष्ट," आणि कोबीला पाणी घालायला जायची. भोकं मात्र तिनं बुजवली नाहीत. बावीस वर्षं झाली, अजून तशीच आहेत.

इव्हों गेला. घर त्यानं जाण्याआधी रेल्वेकडून विकत घेऊन ठेवलं होतं, तेवढं एक शहाणपणाचं काम केलं. आणि लेओनी आपली प्रत्येक गाडीला दारात उभी. आपोआप फाटकावर तिचा काडीचा विश्वास नाही. दांडा नीट खाली आला का ते बघते, गाडी आली की हात वर करते, आणि ड्रायव्हर दोनदा भोंगा वाजवतो. हा हात गाडी थांबवायचा नाही, रामराम करायचा आहे, हे आमच्याकडच्या ड्रायव्हरांना पाठ होतं. नवा माणूस आला की जुना त्याला सांगून ठेवायचा, चौदाला थांबू नकोस, तिथं फक्त वाजव.

गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर रेल्वेचं पत्र आलं. ऑक्टोबर ते मार्च या सहा महिन्यांत आमच्या थांब्यावरून साठ माणसं चढली नाहीत, तर थांबा बंद. आमच्याकडे घरं अकरा. त्यातली चार पॅरिसवाल्यांची, जुलैपर्यंत कुलूपबंद. उरलेल्यांच्या दारात मोटारी. चढणारी नेमानं मी एकटी, दर गुरुवारी, पोर-मेलेनच्या बाजारात कालवं घेऊन. बाकी कुणी चढलं तर मोटार बिघडली म्हणून.

मला काय, मी कसंही भागवलं असतं. पण पत्राची बातमी रोनानला लागली. तो सें-ब्रियोला राहतो, तिसऱ्या मजल्यावर. वाईट पोरगा नाही, आईची काळजी आहे त्याला, हाच तर घोटाळा. रविवारी येऊन त्यानं स्पष्ट सांगितलं, "आई, पाववाल्याची फेरी बंद झाली. डॉक्टर कास्तेल-ब्रानला. तुझ्याकडे मोटार नाही, आझेनोरला दिसत नाही. निदान दारात थांबा आहे म्हणून मी आजवर गप्प बसलो. थांबा गेला की घर विकायचं आणि माझ्याकडे यायचं. कबूल?"

"मला समोरचं दिसतं," मी म्हटलं.

"कबूल?" त्यानं पुन्हा विचारलं, माझ्याकडे न बघता.

लेओनी म्हणाली, "कबूल." दुसरं काही म्हणायला तिला सुचलं नाही. त्याच्या घराच्या खिडकीतून समोरच्या इमारतीची खिडकी दिसते, आणखी काही नाही. तो गेल्यावर ती फडकं घेऊन बाहेर आली आणि दारावरची पाटी पुसत बसली. एकदा पुसून झाली, मग पुन्हा पुसली.

मी म्हटलं, "अगं बाई, मग बस की गाडीत. आठवड्यातून दोनदा चढलीस तरी साठ होतात. तुझ्याच दारात थांबते, तुझ्याच घरासाठी चढायचंय."

"आणि फाटक?"

"फाटक आपोआप लागतं, लेओनी. बावीस वर्षं लागतंय."

"मी बघत असते म्हणून लागतंय."

अशा बाईपुढं डोकं फोडून उपयोग नाही. मी दार आपटून घरी आले आणि चार दिवस तिच्याशी बोलले नाही. पाचव्या दिवशी लोणी संपलं, म्हणून बोलले.

फेब्रुवारी संपला तेव्हा आकडा एक्केचाळीसवर होता. मार्चमधले माझे गुरुवार चार, म्हणजे पंचेचाळीस. मी गावातल्या एकेकाला धरून पाहिलं. सगळे हो हो म्हणाले, आणि सगळे मोटारीनं गेले. त्यातच जुना ड्रायव्हर निवृत्त झाला. निरोपाच्या दिवशी सफरचंदाची सायडर जरा जास्तच झाली म्हणतात, कारण नव्या माणसाला सांगायची ती एक गोष्ट सांगायची राहून गेली. नवा माणूस बास्तियां, पार सव्हॉयच्या डोंगरातून आलेला. तरुण, हसरा, आणि नियमाला पक्का. हात दिसला की थांबायचं, एवढं त्याला शिकवलेलं.

सोमवारी सकाळची आठ बाराची गाडी, बंदराकडून कास्तेल-ब्रानकडे जाणारी. लेओनी न्याहारीचा वाडगा हातात घेऊन दारात उभी. दांडा खाली आला, गाडी आली, तिनं हात वर केला. मी गुडघाभर चिखलात, हातात पिशवी. भोंग्याची वाट बघत होते, तर भोंगा नाही, ब्रेक लागल्याचा आवाज. गाडी थांबली. दार उघडलं. बराच वेळ काही झालं नाही. मग लेओनी चढली, दार लागलं आणि गाडी निघून गेली. मी पिशवी चिखलात सोडली आणि तशीच उभी राहिले. ही बाई गेली कुठं?

अकराच्या गाडीनं परत आली. वाडगा स्टेशनावरच्या कॅफेवाल्यानं धुऊन दिला होता.

"काय झालं काय?" मी विचारलं.

"तो म्हणाला, नमस्कार मादाम, कुठं जायचं? आत सात माणसं, सगळी माझ्याकडे बघतायत. माझ्यासाठी अख्खी गाडी उभी केली त्यानं, आझेनोर. मी काय सांगू, नुसताच हात केला म्हणून? अठ्ठावीस वर्षांत माझ्या पायी एक गाडी अर्धं मिनिट उशिरा गेली नाही."

"म्हणून चढलीस?"

"शेवटपर्यंत जायचंय म्हणाले. दुसरं काही आठवेना."

मला हसू आवरेना. मी तिच्या पायरीवर बसून डोळे पुसपुसून हसले. ती नाही हसली. आत गेली आणि दार लावून घेतलं.

मंगळवारी तिचं दार उघडलं नाही. गाडी आली, दारात कुणी नाही, गाडी न वाजवता गेली. बुधवारीही तेच. तेव्हा मात्र माझं हसू गेलं. दुपारी मी मागच्या दारानं आत शिरले, तर लेओनी खुर्ची उलटी फिरवून, दाराकडे पाठ करून बसलेली. बाहेर घंटा वाजायला लागली, तिचा हात मांडीवरून जरासा उचलला गेला आणि पुन्हा खाली आला.

"हात केला तर तो थांबतो," ती म्हणाली. "नाही केला तर गाडी अशी मुकाट जाते. मग मी उभं कुठं राहायचं, सांग ना. सें-ब्रियोला गेले काय आणि इथं राहिले काय, सारखंच झालं."

मला रडू आलं, आणि रडू आलं की मला राग येतो. मी म्हटलं, "ऐक. परवाच्या तुझ्या त्या वाडग्यामुळं बेचाळीस झालेत. उद्या गुरुवार. मी बाजाराला जातेय आणि तू माझ्याबरोबर चढतेयस. आणि रोज चढायचंस, महिना संपेपर्यंत."

"फाटक..."

"फाटक गेलं खड्ड्यात. घर वाचवायचंय का दांडा बघत बसायचंय, काय ते ठरव."

तिनं खुर्ची सरळ फिरवली. मग म्हणाली, "या वेळी बूट घालून येते."

गुरुवारी नऊ वीसच्या गाडीला ती थांब्यावर माझ्या आधी हजर. इव्होंच्या मयताला घातलेला काळा कोट, हातात पर्स. मी हात करायला गेले तर म्हणाली, "राहू दे, मी करते." केला. गाडी थांबली.

बास्तियांनं खिडकीतून डोकं काढलं. "आज सपाता नाहीत वाटतं, मादाम?"

लेओनी कानापर्यंत लाल. मी म्हटलं, "तुम्ही गाडी चालवा, चौकशा नकोत."

पण तो पोरगा बोलका. आम्ही चढेपर्यंत त्याचं चालूच. "तुम्ही बऱ्या, निदान चढता तरी. पुलापलीकडे एक मादाम आहेत. रोज हात करतात, मी थांबतो, की या आत जाऊन दार लावून घेतात. चौथा दिवस आहे. तुमच्याकडे हात करून पळून जायची पद्धत आहे का?"

मी हसले. लेओनी हसली नाही. "कुठल्या घरातून हात करतात?" तिनं विचारलं.

"रुळाला लागूनच आहे. तुमच्यासारखंच, निळी पाटी आहे दारावर."

"आकडा काय आहे पाटीवर?"

"सतरा असावा," तो म्हणाला, आणि दार लावून गाडी काढली.

लेओनी खिडकीशी बसली. समोर तिचं फाटक आलं. दांडा खाली होता, पलीकडे टपालाची पिवळी मोटार थांबलेली, आणि घराचं दार रिकामं. ती मान वळवून वळवून बघत राहिली, दिसेनासं होईपर्यंत.

"लागलं," ती म्हणाली.

"लागतं की," मी म्हटलं.

मग पूल आला. खाली भरतीचं पाणी चढत होतं, माझ्या कालवांच्या मांडण्या अर्ध्या बुडालेल्या, बगळे किनाऱ्याला सरकलेले. या पुलावर लेओनीनं हजारो गाड्या सोडल्या असतील, आणि पूल वरून बघत होती आज. तिनं पुढच्या सीटची दांडी घट्ट धरली. "इथं आम्ही मिठाचं बोलायचो," ती हळू म्हणाली. थोड्या वेळानं, "ती नसेल. ती लोरियांला गेली. दुसरं कुणी राहत असेल त्या घरात."

"दुसरं कुणी गाडीला हात कशाला करेल?" मी म्हटलं. 

गाडी हळू झाली. दर गुरुवारी मी इथून जाते, पण कडेचं मला दिसत नाही, आज मुद्दाम मान वळवून पाहिलं. दारात एक बाई उभी होती. काटकुळी, उंच, निळा एप्रन, पायांत सपाता. हात वर. गाडी थांबली तसा तिचा चेहरा पडला, हात खाली आला आणि ती लगबगीनं आत जायला वळली. लेओनीचे गुडघे कुरकुरतात, जिना चढायचा तर ती मध्ये दोनदा थांबते. पण त्या दिवशी मी पर्स आवरतेय तोवर ती खाली फलाटावर उभी. मला वाटलं धावत जाईल, हाका मारेल. तसं काही नाही. झेंडी हातात असल्यासारखी ताठ उभी राहिली आणि मी वावरापलीकडून वर्षानुवर्षं ऐकलेल्या त्या खणखणीत आवाजात म्हणाली, "सतरा, चौदा बोलतेय. गाडी आली."

ती बाई पाठमोरी, हात कडीवर. हलली नाही.  मग भरदार आवाजात, तसंच पाठमोऱ्यानं उत्तर आलं. "ऐकलं, चौदा. फाटक लावते."

आणि जरा थांबून, "त्या दिवशी फोन का ठेवलास?"

"रडू येत होतं," लेओनी म्हणाली. "तुला ऐकू गेलं असतं."

"मला काय ऐकू जाणार होतं? इकडं माझंच भोकाड चालू होतं."

मग ती वळली. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

"तू बारीक आहेस की गं," लेओनी म्हणाली, जरा फसवल्यासारखी.

"आणि तू बुटकी. मला वाटायचं, चांगली उंच असशील."

"लोरियांला नाही गेलीस?"

"कशी जाणार? त्या आपोआप फाटकाचा काय भरवसा? मला वाटलं तूच मुलाकडे गेली असशील."

बास्तियांनं खिडकीतून अगदी नरमाईनं म्हटलं, "मादाम, दोन मिनिटं उशीर झालाय."

उशीर हा शब्द ऐकल्याबरोबर दोघींची तोंडं एकदम उतरली. पुढं काय झालं ते मी सांगितलं तर खोटं वाटेल. लेओनीनं सतराचा हात धरला, सतरानं एका हातानं दार ओढून घेतलं, आणि दोघी अशा धावत गाडीत चढल्या की जणू रुळावर गाय आलीय. गाडी सुटली तेव्हा सतरा एप्रनमध्ये, सपातांमध्ये, खिशात लाकडी चमचा, आमच्या समोरच्या सीटवर धापा टाकत बसलेली. सपाता घालून आगगाडीत बसायची ही रीत या खात्यातच असावी.

माझी कालवं त्या दिवशी निम्मी परत आली. बाजारात लक्ष कोणाचं होतं? बंदरावरच्या कॅफेत त्या दोघी बसल्या आणि मी शेजारी बसून कॉफी थंड केली. बावीस वर्षांचं बोलणं साचलेलं, पण सवय सहा मिनिटांची. सहा मिनिटं भरभर बोलायच्या, मग दोघी एकदम गप्प होऊन दाराकडे बघायच्या. परतीच्या गाडीची वेळ झाली तेव्हा लेओनीला आठवलं. "नाव काय गं तुझं?"

"फिलोमेन."

"बरं," लेओनी म्हणाली. आणि अजून तिला सतराच म्हणते.

पुढचं सांगण्यासारखं फार नाही. लेओनी दुसऱ्या दिवशी नऊ वीसनं पलीकडे गेली, तिसऱ्या दिवशी गेली, रविवारीसुद्धा गेली. विसाव्या तारखेला साठ झाले आणि ती तरीही जात राहिली. बास्तियांशी दोघींनी ठरवून टाकलं, हातात पर्स असेल तर थांबायचं, रिकामा हात असेल तर दोनदा वाजवून जायचं. एप्रिलमध्ये खात्याचं पत्र आलं, थांबा कायम. मी ते तिच्या भिंतीवर त्या चार भोकांपैकी एका भोकात खिळा ठोकून लावलं.

रोनान मात्र घाबरला होता. तीन दिवस आई फोन उचलेना, म्हणून मोटार पळवत आला. दाराला कुलूप.

"आई कुठाय?"

"पलीकडे," मी म्हटलं. "गाडीनं गेलीय."

तो पायरीवर बसला. बराच वेळ पाटीकडे बघत होता. मग म्हणाला, "गाडीनं?" मी मान हलवली. घर विकायचं पुन्हा त्यानं काढलं नाही, हे त्याचं मला आवडलं.

परवा संध्याकाळी लेओनी माझ्याकडे शेंगा सोलत बसली होती. सोलता सोलता म्हणाली, "आझेनोर, मी पलीकडे असते तेव्हा दुपारच्या गाड्या जातात. वाजवतो का गं तो?"

"वाजवतो. दोनदा."

"रिकाम्या दाराला?"

"रिकामं कशाला असेल? मी असते ना उभी तिथं."

तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. "तू हात करतेस?"

"करते. माझं काय जातंय?"

"आणि फाटक?"

"लागतं," मी म्हटलं. "मी बघत असते म्हणून."